खालिद जमील : मुंबईच्या मैदानांनी घडवलेला राष्ट्रीय प्रशिक्षक

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने १ ऑगस्ट २०२५ रोजी भारताच्या पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून खालिद जमील यांची निवड केली. अंतिम यादीत त्यांच्याबरोबर दोन परदेशी नावे होती. पूर्वी दोनदा भारतीय संघाची सूत्रे सांभाळलेले स्टीफन कॉन्स्टन्टाइन हे एक आणि स्लोव्हाकियाचे स्टेफान तारकोविच हे दुसरे. निवड झाली ती मात्र मुंबईच्या क्लब फुटबॉलमध्ये खेळाडू म्हणून वावरलेल्या आणि त्याच शहरात प्रशिक्षक म्हणून उभ्या राहिलेल्या माणसाची. गोव्याचे सावियो मदेरा २०१२ साली या पदावरून दूर झाल्यानंतर तेरा वर्षांनी हे पद पुन्हा एका भारतीयाकडे आले.

मधल्या काळात नेदरलँड्सचे विम कोवरमन्स, कॉन्स्टन्टाइन, क्रोएशियाचे इगोर स्टिमॅच आणि स्पेनचे मानोलो मार्केझ असे परदेशी प्रशिक्षक येऊन गेले. जुलै २०२५ मध्ये भारताचा संघ फिफाच्या क्रमवारीत १३३व्या स्थानापर्यंत घसरला होता. अशा पडत्या काळात जमील यांच्या हाती संघ आला. त्यांची कारकीर्द समजून घेताना एका खेळाडूची व प्रशिक्षकाची वाटचाल तर दिसतेच, शिवाय मुंबईच्या फुटबॉलने काय कमावले आणि काय गमावले याचा हिशेबही हाती येतो.

कुवेत ते कूपरेज

खालिद जमील यांचा जन्म २१ एप्रिल १९७७ रोजी कुवेतमध्ये झाला. आईवडील भारतीय. फ्रान्सचे मिशेल प्लातिनी हे त्यांचे आदर्श. आखाती युद्धानंतर कुटुंब भारतात परतले आणि मुंबई हीच जमील यांची कर्मभूमी ठरली. मध्यरक्षक म्हणून त्यांचा व्यावसायिक फुटबॉलमधील प्रवेश १९९७च्या सुमारास महिंद्र संघातून झाला. त्यानंतर काही हंगाम ते एअर इंडियाकडून खेळले आणि २००२मध्ये पुन्हा महिंद्र युनायटेडमध्ये दाखल झाले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांना भारतीय संघातही स्थान मिळाले.

मुंबईच्या फुटबॉलचा तो काळ कार्यालयीन आणि औद्योगिक संघांचा होता. महिंद्र, एअर इंडिया, ओएनजीसी, टाटा अशा संघांमध्ये खेळाडूला पगार मिळे, अनेकदा नोकरीही मिळे आणि कूपरेजच्या मैदानावर वर्षभर सामने होत. प्रेक्षकांची संख्या कोलकात्याच्या तुलनेत नगण्य असली, तरी खेळावर उपजीविका करण्याची सोय या संघांनी केली होती. महिंद्र युनायटेडने २००३ आणि २००५मध्ये फेडरेशन चषक जिंकला आणि २००५-०६च्या हंगामात राष्ट्रीय फुटबॉल लीगचे विजेतेपद मिळवले. ही लीग जिंकणारा तो महाराष्ट्रातला पहिला संघ. संघाचे प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा, स्वतः भारताचे माजी बचावपटू. जमील या काळात महिंद्रच्या ताफ्यात होते. खेळाडू निवृत्त होतो, प्रशिक्षणाकडे वळतो आणि भारतीय असूनही देशातली सर्वोच्च स्पर्धा जिंकून देतो, हे त्यांनी जवळून पाहिले.

खेळाडू असताना कोलकात्याच्या दोन मातब्बर क्लबांकडून त्यांना विचारणा झाली होती. त्या क्लबांच्या नावाशी त्या वेळी मद्य उत्पादक कंपन्यांची नावे जोडलेली होती. या कारणाने जमील यांनी नकार दिला आणि ते मुंबईतच राहिले. पुढे प्रशिक्षक म्हणून ते या दोन्ही क्लबांत गेले.

२००७ साली मुंबई एफसी हा नवा क्लब स्थापन झाला. जमील या क्लबात खेळाडू म्हणून आले. पण दुखापतींनी त्यांना मैदानावर उतरू दिले नाही. अखेर २००९मध्ये त्यांनी खेळणे थांबवले. वय होते अवघे बत्तीस.

सात हंगामांची तग

त्याच वर्षी मुंबई एफसीने इंग्लंडच्या डेव्हिड बूथ यांच्या जागी जमील यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. काल-परवापर्यंत ज्यांच्याबरोबर सराव केला, त्याच खेळाडूंना आता त्यांना संघाबाहेर बसवायचे होते किंवा संघात घ्यायचे होते. क्लबाची तिजोरी मर्यादित होती. कोलकाता आणि गोव्यातील क्लब जे परदेशी आघाडीपटू घेत, ते मुंबई एफसीच्या आवाक्याबाहेरचे होते. कूपरेजच्या नूतनीकरणाच्या काळात तर या संघाला आपले घरचे सामने पुण्याच्या बालेवाडीत खेळावे लागले. घरच्या मैदानापासून दीडशे किलोमीटर दूर खेळणाऱ्या संघाला घरचा पाठिंबा तो कितीसा मिळणार?

अशा परिस्थितीत जमील यांनी जी पद्धत बसवली, तिच्यावर त्यांची पुढची सारी कारकीर्द उभी राहिली. बचावफळी आणि मधली फळी यांच्यातील अंतर कमी ठेवायचे, प्रतिस्पर्ध्याला मैदानाच्या मध्यातून वाट द्यायची नाही, चेंडू मिळताच वेळ न दवडता तो पुढे न्यायचा आणि कॉर्नर, फ्री किक, लांब थ्रो यांतून मिळणारी प्रत्येक संधी मोलाची मानायची. हा खेळ डोळ्यांना सुखावणारा नव्हता आणि त्यावर टीकाही झाली. पण पंधरा खेळाडूंच्या बळावर पंचवीस खेळाडूंच्या संघाशी लढणाऱ्यापुढे फारसे पर्याय नसतात.

२००९-१० ते २०१५-१६ असे सात हंगाम मुंबई एफसी जमील यांच्या मार्गदर्शनाखाली आय-लीगमध्ये खेळला. या सात वर्षांत क्लबाने मोठे विजेतेपद मिळवले नाही. मात्र तो एकदाही खालच्या श्रेणीत गेला नाही. भारतीय फुटबॉलमध्ये प्रशिक्षक बदलण्यास दोन-चार पराभव पुरेसे ठरतात. एकाच क्लबात सलग सात हंगाम टिकणे ही तेथे दुर्मीळ गोष्ट होय.

२०१६मध्ये क्लबाने नवा प्रशिक्षक आणण्याचा निर्णय घेतला आणि जमील यांना जावे लागले. पुढच्याच हंगामात मुंबई एफसी आय-लीगमध्ये तळाला राहिला, त्याची पदावनती झाली आणि २०१७मध्ये क्लबाचा वरिष्ठ संघ बंद पडला. ज्याला केवळ 'तग धरणे' म्हटले जात होते, त्याची किंमत तेव्हा कळली.

ऐजॉलचा चमत्कार

मिझोरमच्या राजधानीतील ऐजॉल एफसी हा १९८४ साली स्थापन झालेला क्लब. आय-लीगमध्ये तो २०१५-१६ साली प्रथमच आला आणि पहिल्याच हंगामाअखेर त्याची घसरण निश्चित झाली. परंतु गोव्यातील क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेवर ऐजॉलला पुन्हा प्रवेश मिळाला. मुंबईने नाकारलेला प्रशिक्षक आणि नशिबाने वाचलेला क्लब यांची गाठ अशी पडली.

संघात बहुसंख्य खेळाडू स्थानिक मिझो तरुण होते. त्यांच्या जोडीला जमील यांनी मुंबई एफसीत आपल्या हाताखाली खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता यांना आणले. गोलरक्षक गोव्याचा अल्बिनो गोम्स होता. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल अमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान, तर आघाडीवर आयव्हरी कोस्टचा कामो बायी असे मोजके परदेशी खेळाडू होते. डोंगरउतारावर वसलेल्या ऐजॉलच्या राजीव गांधी मैदानावर घरचे सामने होत आणि साऱ्या गावाचे लक्ष तिकडे असे.

२२ एप्रिल २०१७ रोजी ऐजॉलची गाठ मोहन बागानशी पडली. विजेतेपदाचा निर्णय जवळपास याच सामन्यावर अवलंबून होता. सामना संपण्यास सात मिनिटे उरली असता बचावपटू झोमिंगलियाना राल्टे याने हेडरवर गोल केला आणि ऐजॉलने १-० असा विजय मिळवला. शेवटचा सामना ३० एप्रिल रोजी शिलाँग लाजाँगविरुद्ध शिलाँगमध्ये होता; बरोबरीही पुरेशी होती. दिपांडाच्या गोलने लाजाँगने नवव्या मिनिटालाच आघाडी घेतली. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेला याने बरोबरी साधली आणि सामना १-१ असा सुटला. १८ सामन्यांत ११ विजय, ४ बरोबरी, ३ पराभव आणि ३७ गुण अशी ऐजॉलची अंतिम कामगिरी होती. मोहन बागान ३६ गुणांवर थांबला. देशातील सर्वोच्च साखळी स्पर्धा जिंकणारा ऐजॉल हा ईशान्य भारतातील पहिला क्लब ठरला.

२०११च्या जनगणनेनुसार मिझोरमची लोकसंख्या अकरा लाखांच्या आत आहे. म्हणजे ठाणे जिल्ह्यातील एखाद्या मोठ्या महापालिकेएवढ्या लोकसंख्येच्या राज्याने कोलकाता आणि बेंगळुरूच्या धनाढ्य क्लबांना मागे टाकले. नियतीचा खेळ असा की, ज्या हंगामात ऐजॉल विजेता ठरला, त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला.

कोलकात्याची कसोटी

या यशामुळे ईस्ट बंगालने २०१७-१८साठी जमील यांना करारबद्ध केले. ईस्ट बंगालने राष्ट्रीय लीगचे शेवटचे विजेतेपद २००३-०४मध्ये मिळवले होते आणि समर्थकांची प्रतीक्षा लांबली होती. त्या हंगामात ईस्ट बंगाल अखेरच्या टप्प्यापर्यंत शर्यतीत राहिला, पण चौथ्या स्थानावर आला. सुपर चषकाच्या अंतिम फेरीत त्याला बेंगळुरू एफसीकडून १-४ असा पराभव पत्करावा लागला आणि जमील यांचा ईस्ट बंगालमधील मुक्काम एका हंगामातच संपला. जानेवारी २०१९मध्ये हंगामाच्या मध्यावर मोहन बागानची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तेथेही विजेतेपद दूरच राहिले.

कोलकात्यात प्रशिक्षकाला संघाबरोबरच पदाधिकारी, माजी खेळाडू, वृत्तपत्रे आणि हजारो समर्थक यांच्या अपेक्षाही सांभाळाव्या लागतात. मितभाषी आणि प्रसिद्धीपासून दूर राहणाऱ्या जमील यांना ते वातावरण मानवले नाही, असे निकाल तरी सांगतात.

'हंगामी' या शब्दाचे ओझे

२०१४मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये मुख्य प्रशिक्षक परदेशीच असायचा, असा जणू अलिखित नियम होता. भारतीय प्रशिक्षक साहाय्यक असे. मुख्य प्रशिक्षकाला मध्येच काढले, तर तो 'हंगामी' होई आणि नव्या परदेशी प्रशिक्षकाचे विमान उतरले की पुन्हा मागच्या रांगेत जाऊन बसे. नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये जमील यांनी हीच भूमिका केली.

जानेवारी २०२१मध्ये स्पेनचे जेरार्ड नुस यांना पदावरून दूर केल्यावर संघ जमील यांच्याकडे आला. साखळीतील उरलेल्या ९ सामन्यांत नॉर्थईस्टने ६ विजय मिळवले, ३ बरोबरी साधल्या आणि एकही सामना गमावला नाही. ३३ गुणांसह संघ तिसऱ्या स्थानावर आला आणि उपांत्य फेरीत पोहोचला. आयएसएलमध्ये एखाद्या संघाला बाद फेरीत नेणारे ते पहिले भारतीय प्रशिक्षक. उपांत्य फेरीत एटीके मोहन बागानने त्यांना रोखले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये क्लबाने त्यांना कायम मुख्य प्रशिक्षक नेमले. आयएसएलमध्ये कायमस्वरूपी हे पद मिळवणारेही ते पहिलेच भारतीय.

कायमपदाचा पहिला हंगाम मात्र कठीण गेला. २०२१-२२मध्ये नॉर्थईस्ट दहाव्या स्थानावर फेकला गेला आणि जमील यांना पद सोडावे लागले. त्यानंतर त्यांनी खालच्या श्रेणीतील एफसी बेंगळुरू युनायटेडमध्ये काम केले. आयएसएलचा पहिला भारतीय प्रशिक्षक पुन्हा छोट्या मैदानांवर गेला. त्यात कमीपणा मानला नाही, हे या कारकिर्दीचे एक वैशिष्ट्यच.

डिसेंबर २०२३च्या अखेरीस जमशेदपूर एफसीने त्यांना बोलावले. संघ तेव्हा तळाच्या भागात चाचपडत होता. पुढच्या पूर्ण हंगामात, २०२४-२५मध्ये, जमशेदपूरने ३८ गुणांसह पाचवे स्थान मिळवले आणि बाद फेरीत नॉर्थईस्ट युनायटेडला २-० असे नमवले. उपांत्य फेरीच्या पहिल्या लढतीत मोहन बागानवर २-१ अशी मातही केली. कोलकात्यातील परतीच्या लढतीत भरपाई वेळेतील गोलने त्यांचे स्वप्न भंगले. मे २०२५मध्ये सुपर चषकाच्या अंतिम फेरीत एफसी गोवाने जमशेदपूरला ३-० असे हरवले. महासंघाने २०२३-२४ आणि २०२४-२५ अशा सलग दोन वर्षी सर्वोत्कृष्ट प्रशिक्षकाचा पुरस्कार जमील यांना दिला.

राष्ट्रीय संघ : आरंभ आणि आघात

राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणून पहिली परीक्षा मध्य आशियातील काफा नेशन्स चषकात झाली. २९ ऑगस्ट २०२५ रोजी यजमान ताजिकिस्तानविरुद्ध अन्वर अली आणि संदेश झिंगन या बचावपटूंनी पहिल्या पंधरा मिनिटांतच गोल केले, गुरप्रीतसिंग संधू याने पेनल्टी अडवली आणि भारताने २-१ असा विजय मिळवला. इराणकडून ०-३ असा पराभव झाला, अफगाणिस्तानशी गोलशून्य बरोबरी झाली. ८ सप्टेंबरला तिसऱ्या स्थानासाठीच्या सामन्यात क्रमवारीत बऱ्याच वर असलेल्या ओमानला १-१ अशा बरोबरीनंतर पेनल्टी शूटआउटमध्ये ३-२ असे हरवून भारताने तिसरे स्थान मिळवले.

मात्र खरी लढाई होती ती २०२७च्या आशियाई चषकाच्या पात्रतेची. जमील येण्यापूर्वीच भारताने पात्रता गटात बांगलादेशशी बरोबरी आणि हाँगकाँगकडून पराभव असे दोन सामने वाया घालवले होते. ९ ऑक्टोबरला सिंगापूरमध्ये रहीम अलीने अखेरच्या क्षणी गोल करून १-१ बरोबरी साधली. १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर लालियानझुआला छांगतेच्या गोलने भारत आघाडीवर गेला. पण सिंगापूरच्या साँग उई-याँगने दोन गोल करून सामना २-१ असा फिरवला आणि भारताची आशियाई चषकाची वाट बंद झाली. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशने भारताला १-० असे नमवले. बांगलादेशकडून झालेला हा भारताचा २००३ नंतरचा पहिला पराभव होता.

या निकालांची जबाबदारी प्रशिक्षकावर येते, ती टाळता येत नाही. परंतु त्या महिन्यांत देशांतर्गत फुटबॉलची स्थिती काय होती, हेही लक्षात घ्यायला हवे. व्यावसायिक हक्कांचा प्रश्न न सुटल्यामुळे आयएसएलचा २०२५-२६चा हंगाम नेहमीच्या वेळी सुरूच होऊ शकला नाही. खेळाडूंना सामन्यांचा सराव नव्हता. प्रशिक्षकाचे पद भारतीयाकडे आले, ते नेमके पायाखालची जमीन सरकत असताना.

जर्मनीचा धडा

स्वदेशी प्रशिक्षक की परदेशी, हा वाद भारतात जुना आहे. जर्मनीने तो फार पूर्वी मिटवला. १९२६मध्ये ओटो नेर्झ हे जर्मन संघाचे पहिले पूर्णवेळ प्रशिक्षक झाले. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये नॉर्वेकडून पराभव झाल्यानंतर त्यांचे साहाय्यक सेप हेर्बर्गर यांच्याकडे सूत्रे आली. मानहाइमच्या कामगार वस्तीत वाढलेल्या हेर्बर्गर यांनी खेळाडू म्हणून जर्मनीकडून केवळ तीन सामने खेळले होते. नंतर बर्लिनच्या क्रीडा महाविद्यालयात त्यांनी प्रशिक्षणाचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतले. १९५४च्या विश्वचषकात साखळी सामन्यात हंगेरीकडून ३-८ असा दारुण पराभव पत्करलेल्या पश्चिम जर्मनीने त्याच हंगेरीला बर्नमधील अंतिम सामन्यात ३-२ असे हरवले, ते हेर्बर्गर यांच्या मार्गदर्शनाखाली.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. हेर्बर्गर यांनी महायुद्धानंतर कोलोनच्या क्रीडा विद्यापीठात प्रशिक्षक घडवण्याचे काम केले. १९६४मध्ये त्यांच्यानंतर आलेले हेल्मुट श्योन हे त्यांचेच साहाय्यक होते आणि त्यांनी १९७४चा विश्वचषक जिंकला. २०१४चे विश्वविजेते प्रशिक्षक योआखिम ल्योव्ह हेही आधी युर्गन क्लिन्समन यांचे साहाय्यक होते. पश्चिम जर्मनी व नंतरच्या एकत्रित जर्मनीच्या राष्ट्रीय संघाला कधीही परदेशी प्रशिक्षक आणावा लागला नाही. हा केवळ स्वाभिमानाचा भाग नव्हे. एका प्रशिक्षकाच्या हाताखाली दुसरा तयार होत राहील, अशी व्यवस्था तेथे होती.

भारतातही अशी सुरुवात झाली होती. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२च्या आशियाई क्रीडा स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. त्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाविरुद्ध मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले होते. १९६३मध्ये रहीम यांचे निधन झाले. त्यांच्यामागे तशी साखळी उभी राहिली नाही.

पुढचा जमील कोठून येणार?

जमील यांच्या यशाचे मूळ मुंबईच्या ज्या क्लबांत आहे, त्यांचे काय झाले हे पाहिले की चिंता वाटते. महिंद्र युनायटेड २०१०मध्ये बंद झाला. एअर इंडिया आणि ओएनजीसी हे संघ परवान्याच्या अटी पूर्ण न झाल्याने २०१३मध्ये आय-लीगबाहेर गेले. मुंबई एफसी २०१७मध्ये संपला. जमील वरिष्ठ स्तरावर मुंबईतील ज्या तीन संघांत होते, त्यांतला एकही देशाच्या अव्वल फुटबॉलमध्ये उरला नाही. २०१४मध्ये आलेल्या मुंबई सिटी एफसीने लीग ढाल आणि आयएसएल चषक प्रत्येकी दोनदा जिंकून शहराला मोठे यश दिले. परंतु पीटर रीड यांच्यापासून पेत्र क्रात्की यांच्यापर्यंत, २०१४ ते २०२५ या काळातले या क्लबाचे सारे कायम मुख्य प्रशिक्षक परदेशीच होते.

एखादा तरुण खेळाडू दुखापतीने बत्तिसाव्या वर्षी थांबतो आणि त्याच क्लबात त्याला प्रशिक्षक म्हणून सात वर्षे चुकण्याची, शिकण्याची मुभा मिळते, हे जमील यांच्या बाबतीत घडले. मुंबई एफसीकडे पैसा कमी होता. पण ती मुभा त्या क्लबाने दिली. ऐजॉलचे विजेतेपद त्या सात वर्षांचे व्याज होते.

विठ्ठलवाडी, कल्याण किंवा डोंबिवलीतल्या एखाद्या शाळकरी मुलाला आज फुटबॉलची ओढ लागली, तर नेरूळचे डी. वाय. पाटील मैदान आणि तेथे झालेले २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने त्याच्या घरच्यांच्या स्मरणात असतात. चांगल्या स्पर्धेसाठी मात्र त्याला मध्य रेल्वेने सुमारे पन्नास किलोमीटर प्रवास करून कूपरेज गाठावे लागते. तो मोठा खेळाडू होईलच असे नाही; बहुतेक जण होत नाहीत. पण त्याच्यातून एखादा चांगला प्रशिक्षक घडू शकतो. त्यासाठी खेळणे थांबल्यावरही त्याला मैदानावर ठेवून घेणारा एखादा क्लब शिल्लक असायला हवा. राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणून जमील यांचे यशापयश पुढचे निकाल ठरवतील. त्यांच्यामागून येणारा दुसरा भारतीय प्रशिक्षक मात्र अशा क्लबांवाचून येणार नाही.